प्रभामंडळ : तेजाचे चिन्ह की अधिकाराचे?

प्रस्तावना

धार्मिक चित्र अथवा शिल्प पाहताना प्रेक्षकाची दृष्टी प्रथम मुखाकडे जाते. मुखामागील वर्तुळ दिसते, परंतु त्याची वेगळी दखल घेतली जात नाही. बुद्ध, तीर्थंकर, ख्रिस्त, विष्णू, संत तुकाराम अशा कितीतरी प्रतिमांमागे ते उभे असते आणि अतिपरिचयामुळेच अदृश्य होते. कलेतिहासाच्या अध्यापनातही प्रभामंडळाचा विषय बहुधा एका वाक्यात संपतो : ते पावित्र्याचे आणि अंतःतेजाचे प्रतीक होय. हे वाक्य चुकीचे नाही, मात्र ते अत्यंत अपुरे आहे. पावित्र्य हा त्या वर्तुळाचा एक अर्थ असून तो त्याला बऱ्याच उशिरा आणि काही ठिकाणीच लाभलेला आहे. उपलब्ध पुरावा पाहता हे चिन्ह दीर्घकाळ अधिकाराची भाषा बोलत आले आहे. ही बाजू नजरेआड झाल्यामुळे प्राचीन प्रतिमांचे वाचन एकांगी होते आणि आजच्या छापील चित्रांतील प्रभामंडळाचा अर्थही हाती लागत नाही.

मराठी भाषेने या दुसऱ्या अर्थाची खूण जपून ठेवली आहे. देवघरातील मूर्तीमागची पितळी किंवा चांदीची कमान म्हणजे प्रभावळ. परंतु राजकीय पुढाऱ्याभोवती वावरणाऱ्या मंडळींनाही मराठीत 'प्रभावळ' म्हणतात. 'वलयांकित' हे विशेषण तर संतापेक्षा नटाला किंवा खेळाडूला अधिक सहजपणे लावले जाते. एखाद्याची प्रतिष्ठा जाणीवपूर्वक खालावणे याला 'तेजोवध' हा शब्द आहे. महाभारतात कर्णाचे सारथ्य करताना शल्याने केला तो तेजोवधच. तेज ही प्राप्त होणारी, टिकवावी लागणारी आणि हिरावली जाऊ शकणारी वस्तू आहे, ही कल्पना या शब्दामागे स्पष्ट दिसते.

उगमाचा वाद

प्रभामंडळाच्या उगमाची चर्चा भारतात बुद्धमूर्तीच्या उगमाच्या चर्चेशी जोडली गेली. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड फूशे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बुद्धप्रतिमेचे मूळ ग्रीक कलेत असल्याचा सिद्धांत मांडला. गांधार शैलीतील बुद्धाच्या मुखात त्यांना अपोलो दिसला. आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ मध्ये 'द ओरिजिन ऑफ द बुद्ध इमेज' या निबंधातून त्याला उत्तर दिले आणि मथुरेतील यक्षमूर्तींची स्वतंत्र परंपरा पुढे आणली. वसाहतकाळात या वादाला स्वाभिमानाची धार असणे स्वाभाविक होते. परंतु त्याचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की, 'कोणी कोणाकडून घेतले' हाच प्रश्न उरला आणि 'कशासाठी घेतले' हा प्रश्न मागे पडला.

ग्रीक कलेत सूर्यदेव हेलिऑस याच्या मस्तकाभोवती किरणे दाखवली जात, हे खरे. मात्र ती सूर्याची ओळख पटवणारी खूण होती, सर्व देवांना लागू पडणारे चिन्ह नव्हते. (उघड्यावरील पुतळ्यांवर पक्ष्यांनी घाण करू नये म्हणून बसवलेल्या धातूच्या चकत्यांतून प्रभामंडळ निर्माण झाले, अशी एक गमतीदार उपपत्ती आहे. अशा चकत्यांचा उल्लेख ॲरिस्टोफेनिसच्या 'पक्षी' या नाटकात येतो. पण पक्ष्यांपासून संरक्षण हे कारण नाण्यांवरील प्रभामंडळाला कसे लावायचे, हे सांगता येत नाही.) इराणी परंपरेतील 'ख्वरेनह' ही संकल्पना अधिक महत्त्वाची आहे. ख्वरेनह म्हणजे वैध राजाला लाभलेले दैवी तेज. अवेस्तातील झम्याद यश्त या सूक्तात यिम राजाची कथा येते. यिम असत्य बोलला आणि त्याचे ख्वरेनह पक्ष्याच्या रूपाने त्याला सोडून उडून गेले. वैदिक यमाचा हा इराणी भाऊबंद राजपदावरून ढळतो तो युद्धात हरल्यामुळे नव्हे, तर तेज गेल्यामुळे. येथे तेज आणि राज्याधिकार या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

नाण्यांची साक्ष

ही इराणी कल्पना आणि भारतीय धर्मप्रतिमा यांची भेट कुषाणांच्या टाकसाळीत झालेली स्पष्टपणे पाहता येते. कनिष्काच्या नाण्यांच्या मागील बाजूस देवतांची मोठी गर्दी आहे. सूर्यदेव मिइरो, चंद्रदेव माओ, शिवाशी मिळताजुळता ओएशो, देवी नना, आणि प्रत्यक्ष ख्वरेनहचे मूर्त रूप असलेला फॅर्रो. याच रांगेत ग्रीक लिपीत 'बोद्दो' असे नाव कोरलेला बुद्धही उभा आहे. बुद्धाच्या मस्तकामागे प्रभामंडळ असून संपूर्ण देहाभोवती दुसरे वलय आहे. मस्तकामागील वर्तुळ मिइरोला आहे, फॅर्रोला आहे, तसेच बुद्धालाही आहे. टाकसाळीच्या कारागिराने बुद्धाला कोणते स्थान दिले हे यावरून कळते. राजाच्या सत्तेला मान्यता देणाऱ्या देवतांपैकी तो एक आहे. १९९३ मध्ये अफगाणिस्तानात सापडलेल्या रबातक शिलालेखात कनिष्काला राज्य नना व इतर देवतांकडून मिळाल्याचे म्हटले आहे. नाणी आणि शिलालेख एकच गोष्ट दोन माध्यमांतून सांगतात.

नाण्याच्या दर्शनी बाजूस राजा असतो. विम कडफिसेस आणि कनिष्क यांच्या खांद्यांतून ज्वाला निघताना दाखवल्या आहेत. हुविष्काच्या काही नाण्यांवर राजाच्या मस्तकामागे प्रभामंडळ येते आणि वासुदेवाच्या नाण्यांवर ते स्थिरावते. पुढे चौथ्या शतकात समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर वेदीपुढे उभा असलेला राजाही प्रभामंडळासह दिसतो. समुद्रगुप्त संत नव्हता आणि तसा दावाही कोणी केलेला नाही. 'प्रभामंडळ म्हणजे पावित्र्य' हे समीकरण प्रमाण मानले, तर गुप्तांची सुवर्णनाणी अनाकलनीय ठरतील.

याचा अर्थ बुद्धाचे प्रभामंडळ ही केवळ राजकीय उसनवारी आहे, असा मात्र नाही. पाली वाङ्मयात बुद्धाच्या देहाभोवती वावभर पसरलेल्या 'ब्यामप्पभा' अर्थात व्यामप्रभेची कल्पना आहे. ही प्रभा देहातून बाहेर पडते. तिला निश्चित कडा नाही आणि ती केवळ मस्तकाभोवती नसते. याउलट मथुरा शैलीतील प्रभामंडळ पाहावे. कटरा टेकाडावर मिळालेल्या प्रसिद्ध मूर्तीमागील मंडळ सपाट असून त्याच्या कडेला लहान लहान अर्धवर्तुळांची नक्षी आहे. त्यामागे पिंपळाच्या फांद्या कोरल्या आहेत. मंडळातून प्रकाश बाहेर पडताना दिसत नाही. ती मस्तकामागे ठेवलेली एक वस्तू आहे. खाली सिंहासन आहे आणि दोन्ही बाजूंस सेवक आहेत. एवढ्या राजचिन्हांच्या मेळाव्यात मंडळ तेवढे प्रकाशाचे, असे मानणे कठीण आहे. कोरीव लेखात या मूर्तीला 'बोधिसत्त्व' म्हटले आहे हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

सारनाथ येथील भिक्षू बलाने कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी स्थापिलेल्या बोधिसत्त्वाच्या मूर्तीवर दगडी छत्र होते. सुमारे तीन मीटर व्यासाच्या या छत्राच्या पृष्ठावर मध्यभागी कमळ आणि त्याभोवती नक्षीच्या वर्तुळाकार पट्ट्या आहेत. ही रचना गुप्तकालीन प्रभामंडळांची पूर्वकल्पना देते. पाचव्या शतकातील सारनाथच्या धर्मचक्रप्रवर्तनमुद्रेतील बुद्धामागे जे भव्य मंडळ आहे, त्यातही वेलपत्तीच्या आणि मोत्यांच्या अशाच पट्ट्या दिसतात. डोक्यावरचे छत्र जणू उभे करून मागे लावले आहे. छत्र हे राजत्वाचे निर्विवाद चिन्ह असल्याने हे साम्य केवळ नक्षीपुरते राहत नाही.

जैन परंपरेने हा संबंध शब्दांत नोंदवला आहे. तीर्थंकराच्या अष्टप्रातिहार्यांत अशोकवृक्ष, पुष्पवृष्टी, दिव्यध्वनी, चामर, सिंहासन, भामंडल, दुंदुभी आणि छत्र यांची गणना होते. सिंहासन, चामर, दुंदुभी आणि छत्र ही सरळसरळ राजदरबारातील सामग्री आहे आणि भामंडल तिच्याच पंगतीत बसले आहे. ज्याने राज्य त्यागले त्याच्याभोवती राजचिन्हे पुन्हा उभी राहतात, परंतु ती त्याने धारण केलेली नसतात, देवांनी उभारलेली असतात. दिगंबर परंपरेत भामंडलात पाहणाऱ्याला स्वतःचे सात भव दिसतात असे मानले जाते. येथे अर्थाला एक विलक्षण कलाटणी मिळते. प्रभामंडळ तीर्थंकराविषयी काही सांगण्याऐवजी पाहणाऱ्यालाच त्याची जन्मपरंपरा दाखवते. बौद्ध, ख्रिस्ती आणि इराणी परंपरांत या कल्पनेला तोड सापडणे अवघड आहे. भारतीय कलाविषयक लेखनात तिची चर्चा जेवढी व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

मूर्तिशास्त्राची दृष्टी याहून रोखठोक आहे. टी. ए. गोपीनाथ राव यांनी 'एलिमेंट्स ऑफ हिंदू आयकॉनोग्राफी' या ग्रंथात (१९१४-१६) शिरश्चक्राचे जे वर्णन दिले आहे, त्यात ते अकरा अंगुळे व्यासाचे, उमललेल्या कमळाच्या आकाराचे आणि मस्तकापासून ठरावीक अंतरावर दांड्याने जोडलेले असावे असे सांगितले आहे. प्रकाशाला दांडा लागत नाही. शिल्पशास्त्राच्या लेखी शिरश्चक्र हा मुकुट किंवा आयुध यांच्यासारखाच एक घडवायचा अवयव आहे. चोळकालीन नटराजाभोवतीची ज्वालांची प्रभावळही वेगळी ओतून बसवता येते. महाराष्ट्रातील घरोघरच्या देव्हाऱ्यातही सणापूर्वी प्रभावळ मूर्तीपासून वेगळी काढून चिंचेने घासली जाते. तेवढा वेळ देव प्रभावळीवाचून असतो आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

हेरोदाचे प्रभामंडळ

ख्रिस्ती कलेतील प्रारंभीचा इतिहास याच निष्कर्षाकडे नेतो. रोममधील भुयारी दफनस्थळांतील आरंभीच्या चित्रांत ख्रिस्त सामान्यतः प्रभामंडळाविना आहे. चौथ्या शतकात साम्राज्याने ख्रिस्ती धर्म जवळ केल्यानंतर हे चिन्ह त्याच्याकडे आले आणि त्याच सुमारास सम्राटही ते धारण करत होते. ३८८ मधील, सध्या माद्रिद येथे असलेल्या थिओडोसियसच्या रौप्यपात्रावर सम्राट आणि त्याचे दोन सहराजे प्रभामंडळासह बसले आहेत. राव्हेना येथील सान व्हिताले चर्चमधील सहाव्या शतकातील कुट्टिमचित्रांत सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांनाही प्रभामंडळ आहे.

या सर्वांहून बोलका पुरावा रोममधील सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये आहे. पोप सिक्स्तुस तिसरा याच्या काळातील (४३२-४४०) कुट्टिमचित्रांत राजा हेरोदाच्या मस्तकामागे प्रभामंडळ दिसते. हा तोच हेरोद, ज्याने बायबलच्या कथेनुसार बाळ येशूचा काटा काढण्यासाठी बेथलेहेममधील बालकांची हत्या करविली. चित्रकाराला त्याची क्रूरता ठाऊक होती, कारण त्याच चित्रमालिकेत बालहत्येचा प्रसंग आहे. तरीही त्याने हेरोदाला प्रभामंडळ दिले, कारण हेरोद राजा होता. पाचव्या शतकातील प्रेक्षकाला यात विसंगती वाटली नसावी. ती आधुनिक प्रेक्षकाला वाटते, आणि हा धक्काच या चिन्हाच्या अर्थांतराचे मोजमाप होय.

पुढे युरोपात चर्चने या चिन्हाचे नियमन केले. हयात व्यक्तीसाठी चौकोनी प्रभामंडळ वापरण्याची प्रथा नवव्या शतकातील रोममध्ये दिसते. सांता प्रासेदे चर्चमधील पोप पास्काल पहिला याचे चित्र हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. १६२५ मध्ये पोप अर्बन आठवा याच्या काळात, चर्चची मान्यता न मिळालेल्या व्यक्तींना प्रभामंडळासह रंगवण्यास मनाई करण्यात आली. दरम्यान पंधराव्या शतकात यथादर्शनाचा अभ्यास सुरू झाल्यावर चित्रकारांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. मासाच्चोने प्रभामंडळे मस्तकाच्या कलाप्रमाणे तिरपी केली आणि ती ताटल्यांसारखी दिसू लागली. लिओनार्दोने 'अखेरचे भोजन' या चित्रात ती वगळून ख्रिस्तामागे खिडकीचा उजेड ठेवला.

गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला

युरोपातील हे चिन्ह भारतात परतले त्या प्रवासाची सुरुवात गोव्यातून झाली. रोदोल्फो आक्वाविव्हा, आंतोनिओ मोन्सेरात आदी जेझुइट पाद्री गोव्याहून निघून १५८० मध्ये अकबराच्या फत्तेपूर सिक्री येथील दरबारात पोहोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्प येथे छापलेले बहुभाषिक बायबल भेट दिले. त्यातील आणि नंतर आलेल्या युरोपीय कोरीव चित्रांचा मोगल चित्रकारांनी बारकाईने अभ्यास केला. अबुल फझलने राजत्व हा ईश्वरापासून येणारा प्रकाश असल्याची मांडणी याच काळात केली. 'फर्र-ए-इझदी' हा त्याचा शब्द ख्वरेनहचाच वंशज आहे. जहांगिराच्या काळात ही मांडणी आणि युरोपीय प्रभामंडळ एकत्र आले. कल्पना इराणी, आकार ख्रिस्ती आणि उपयोग मोगल असा हा संयोग होता.

सध्या वॉशिंग्टन येथील फ्रीअर संग्रहालयात असलेले बिचित्र या चित्रकाराचे चित्र याची परमावधी दाखवते. जहांगीर वाळूच्या घड्याळावर बसला असून त्याच्या मस्तकामागे सूर्य आणि चंद्रकोर यांचे मिळून झालेले प्रचंड मंडळ आहे. तो एका वृद्ध सूफी शेखला ग्रंथ देत आहे. खालच्या बाजूस उस्मानी सुलतान, इंग्लंडचा राजा जेम्स पहिला आणि स्वतः चित्रकार आहे. राजांपेक्षा संत श्रेष्ठ, हा चित्राचा घोषित विषय. परंतु प्रभामंडळ आहे ते संताला नव्हे, बादशहाला. विनय विषयात आहे आणि अधिकार रचनेत आहे. चित्राची प्रशंसा करणारे लेखन बादशहाच्या आध्यात्मिक वृत्तीवर भर देते, तेव्हा ते चित्राच्या विषयावर विश्वास ठेवते आणि चित्राकडे पाहत नाही. अठराव्या शतकात मेवाडादी राजपूत राज्यांतील राजांच्या चित्रांतूनही हेच मंडळ दिमाखाने मिरवताना दिसते.

'ऑरा'चे स्पष्टीकरण

एवढा पुरावा उपलब्ध असताना प्रभामंडळाचा अर्थ केवळ 'आंतरिक तेज' असा का रूढ झाला? त्याचे एक कारण नजीकच्या इतिहासात आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या वर्तुळात मानवी देहाभोवती रंगीत सूक्ष्म आवरण असते असे प्रतिपादन झाले. सी. डब्ल्यू. लेडबीटर यांच्या १९०२ मधील पुस्तकात त्याची रंगीत चित्रेही आहेत. प्राचीन कलावंतांना हे आवरण प्रत्यक्ष दिसत होते आणि तेच त्यांनी चितारले, ही उपपत्ती तेथून पसरली. पुढे सोव्हिएत तंत्रज्ञ किर्लियन यांच्या छायाचित्रणपद्धतीचा आधार तिला देण्यात येऊ लागला. उच्च दाबाच्या विद्युत्प्रवाहामुळे वस्तूच्या कडेभोवती होणारे विद्युत्विसर्जन त्या छायाचित्रांत उमटते आणि आर्द्रतेनुसार ते बदलते. ते नाण्याभोवतीही उमटते. त्यावरून सारनाथच्या बुद्धाविषयी काहीही सिद्ध होत नाही.

या स्पष्टीकरणाला केवळ अवैज्ञानिक म्हणून बाजूला सारणे पुरेसे नाही. त्याचा खरा दोष असा की, ते कलावंताच्या हातून निवडीचा अधिकार काढून घेते. प्रभामंडळ 'दिसले म्हणून काढले' असे मानले की, कोणी कोणाला ते द्यायचे ठरवले, कोणाला नाकारले आणि त्यामुळे कोणाचा लाभ झाला, हे प्रश्नच उद्भवत नाहीत. हेरोद आणि जहांगीर या मांडणीत बसत नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेखही होत नाही.

छापील चित्रांतील वलय

हे प्रश्न केवळ प्राचीन कलेपुरते नाहीत. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना आणि १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा यांचा शिळाछापखाना सुरू झाल्यावर देवादिकांची चित्रे मंदिराबाहेर पडून सामान्यांच्या भिंतींवर आली. अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या १९०५ मधील 'भारतमाता' या चित्रात राष्ट्राच्या मूर्त रूपाला प्रभामंडळ लाभले. पुढील काळातील दिनदर्शिकांत आणि बाजारी चित्रांत ते संतांप्रमाणे राष्ट्रीय नेत्यांच्या मस्तकामागेही येऊ लागले. अर्बन आठव्यासारखी परवानगी देणारी यंत्रणा येथे नव्हती. कोणाला वलय द्यायचे हे छापखान्याचा चित्रकार आणि त्याचे गिऱ्हाईक ठरवत होते. एका परीने ही या चिन्हाच्या इतिहासातील सर्वांत लोकशाही अवस्था म्हणावी लागेल.

तिच्यातून एक पेचही निर्माण होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विभूतिपूजेला आयुष्यभर विरोध केला. तरीही त्यांच्या काही छापील चित्रांत मस्तकामागे प्रकाशवलय असते. ही विसंगती दाखवून उपहास करणारे लेखन अधूनमधून होते. परंतु प्रभामंडळाचा अर्थ दैवीकरण एवढाच गृहीत धरल्याशिवाय तो उपहास उभाच राहू शकत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके सिंहासन, छत्र, चामर यांपैकी एकही चिन्ह वापरण्याची मुभा नव्हती, त्याने आपल्या नेत्यामागे हे मंडळ उभे केले, तर त्यात देवत्वापेक्षा हिरावलेल्या अधिकारावरील दावा अधिक असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. विभूतिपूजेचा धोका त्यामुळे नाहीसा होत नाही. तो बाबासाहेबांनी सांगितला तेवढाच खरा राहतो. मात्र धोका कोणता आणि दावा कोणता, हे प्रत्येक चित्रापुरते तपासावे लागेल. अशा काही चित्रांत साध्या वलयाच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र असते. कनिष्काच्या नाण्यावरील वर्तुळापेक्षा त्याची वंशावळ निराळी आहे. ते धर्मचक्र, राष्ट्रध्वज आणि संविधान यांच्याशी एकाच वेळी जोडलेले आहे. शिरश्चक्र म्हणून त्याचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा लागेल.